ह्येंचा घर खंय?

पहाटे साडेचारला निवतीहून होडी सुटली, आणि पुढचे तीन तास समुद्रावर पाण्याखेरीज काहीच दिसलं नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. नारळी पौर्णिमा केव्हाच होऊन गेली होती. दर्या निवला होता, पण पावसाळ्याची फुगी पाण्यात अजून शिल्लक होती. लाट फुटत नव्हती, नुसती होडीखालून उचलून जात होती. आम्ही सहा जण, तांडेलकाका आणि त्यांचे दोन खलाशी. जाळी घरी ठेवलेली. चार दिवस आधी होडी विचारायला गेले तेव्हा काका ओसरीवर जाळं सांधत बसले होते. “पाखरा बघूक? आणि माशे?” मासे नकोत म्हटल्यावर त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. उभा जन्म दर्यात काढलेल्या माणसाला पाखरं नवी नव्हती. पाखरांसाठी म्हणून कुणी एवढ्या लांब जाणं मात्र नवं होतं.

किनाऱ्यावर आपल्याला भेटतात ते कुरव आणि सुरय. थंडीत मालवणच्या जेटीजवळ वाळूवर थव्याने बसलेले असतात, होडीतून फेकलेल्या मासळीवर तुटून पडतात. मला ते फार आवडतात, पण ते समुद्राच्या उंबरठ्यावरचे पक्षी. त्यांतल्या बहुतेकांना पाय टेकायला जमीन जवळ लागते. उंबरठ्यापलीकडे, जिथून किनारा दिसत नाही अशा पाण्यावर, दुसरीच वस्ती आहे. तिथले पक्षी आपल्या किनाऱ्यावर आलेच, तर वादळाने फेकून दिल्यामुळे येतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासत गेलं, त्यानंतर असे थकलेले पक्षी किनाऱ्यावर सापडले होते. त्यांना त्यांच्या जागी, धडधाकट पाहायचं असेल, तर आपणच तिकडे जायला हवं.

जायचं किती, हा प्रश्न कोकणात जरा अवघड आहे. आपल्यासमोरचा समुद्र लांबवर उथळ. जमीन पाण्याखाली शिरल्यावरही सावकाश उतरत राहते आणि खूप पुढे गेल्यावर एकदम कडा लागतो. मुंबईसमोर हा कडा सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडे तो किनाऱ्याच्या जवळ सरकत जातो, तरी सिंधुदुर्गातूनही एका दिवसात होडीने त्याला शिवून परत येता येत नाही. खोल पाण्यातल्या पक्ष्यांना हा कडा प्रिय, कारण तिथे प्रवाह वर चढतात आणि अन्न वर आणतात. पण पावसाळा आपल्यावर एक उपकार करतो. नैर्ऋत्येचे वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर, आणि काही प्रमाणात आपल्याही पश्चिम किनाऱ्यावर, वरचं पाणी बाजूला सारतात. त्या जागी खालचं गार, क्षारांनी भरलेलं पाणी वर येतं. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर तारली आणि बांगडे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते आणि आपण किनाऱ्यावरून खवळलेला समुद्र बघत भजी खात असतो, त्या दिवसांत अरबी समुद्रावर पंगत बसलेली असते. पाहुणे फार लांबून आलेले असतात. सप्टेंबर म्हणजे या पंगतीचे शेवटचे दिवस, आणि होडी नेता येईल असे पहिले.

साडेसातच्या सुमारास काकांनी इंजिन बंद केलं. पाणी २५ वाव, म्हणजे साधारण ४५ मीटर. आमच्यातल्या दोघांना बोट लागली होती. ते आलेपाक चघळत क्षितिजाकडे डोळे लावून बसले होते. यावर दुसरा उपाय नाही. दुर्बीण खाली ठेवायची आणि जे हलत नाही अशा एकाच गोष्टीकडे, म्हणजे क्षितिजाकडे पाहायचं. खलाशांनी बादली पुढे घेतली. तिच्यात तारलीची डोकी, आतडी आणि वर तरंगणारं तेल. ते ओंजळी-ओंजळीने पाण्यात सोडलं. तेलाने लाटांवरचा चुरा दाबला गेला आणि होडीमागे एक गुळगुळीत पट्टा लांबत गेला.

वीस मिनिटांनी त्या पट्ट्याच्या पार टोकाला काहीतरी फडफडलं.

दुर्बिणीतून आधी ते फुलपाखरू वाटलं. काळपट, कमरेवर पांढरा पट्टा, पाण्याला चिकटून डावी-उजवीकडे झोके घेत येणारं. मग दुसरं, मग पाच, मग बारा. सगळी एकाच बाजूने, वाऱ्याच्या विरुद्ध, तेलाच्या पट्ट्यावरून वर चढत येत होती. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. वजन ३५-४० ग्रॅम, म्हणजे अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाएवढं. ती होडीपासून दोन हातांवर आली आणि पाण्यावर चालू लागली. हे अलंकार म्हणून लिहीत नाही. पंख वर ताणून धरलेले, लांब काळे पाय खाली सोडलेले, आणि पायांनी पाण्यावर टप टप टप पावलं टाकत, चोचीने तेलाचे थेंब टिपत ती पुढे सरकत होती.

हे कसं जमतं? पतंग आठवा. पतंग वाऱ्यात उभा राहतो, कारण खाली कुणीतरी मांजा धरलेला असतो. मांजा तुटला की तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. पेट्रेलचे ताणलेले पंख म्हणजे पतंग, आणि पाण्यात बुडवलेली पावलं म्हणजे मांजा. वारा पंखांना मागे ढकलतो, पाणी पायांना अडवतं, आणि या ओढाताणीत पक्षी जवळपास पंख न हलवता एका जागी तरंगून राहतो. इतक्या हलक्या जिवाने वारा आणि पाणी एकमेकांविरुद्ध जुंपून स्वतःसाठी उभं राहायची जागा केली आहे. मी याबद्दल वाचलं होतं. तरी ते समोर घडताना पाहून माझा घसा दाटला.

काका सुकाणूवर हात ठेवून बघत होते. ही पाखरं त्यांनी हजारदा पाहिली असणार. जाळी ओढताना ती भोवती येतातच. पण इंजिन बंद करून, काम नसताना, ते पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघत होते. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, “गो बाय, ह्येंचा घर खंय?”

घर अंटार्क्टिकात, मी म्हटलं. दक्षिणेच्या टोकाला, बर्फाच्या मुलखात आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर. तिथे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळा असतो. तेव्हा खडकाच्या फटीत मादी एकच अंडं घालते. आईबाप आळीपाळीने उबवतात. उशिराचा बर्फ पडून फटीचं तोंड बुजलं, तर पिल्लू आत अडकून मरतं. जगतं ते मार्च-एप्रिलमध्ये बाहेर पडतं आणि उत्तरेकडे निघतं. सरळ रेषेत मोजलं तरी निवतीपर्यंत सुमारे ९,००० किलोमीटर. आपला पावसाळा हा त्यांचा हिवाळा. तो टाळायला ती इथे येतात.

काकांनी पाण्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. “आनी ह्या तेलाचो वास तेंका थंयसून इलो?” अंटार्क्टिकाहून नव्हे, पण त्यांच्या प्रश्नातला नेम अचूक होता. कारण त्या दिवसाचं खरं आश्चर्य नाकातच होतं.

पक्ष्यांना वास फारसा कळत नाही, असं बराच काळ पुस्तकांतून शिकवलं जात होतं. पेट्रेल आणि त्यांच्या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीवर मात्र नळी बसवल्यासारख्या नाकपुड्या असतात, आणि मेंदूतला वासाचा भाग चांगला मोठा असतो. १९९५ मध्ये गॅब्रिएल नेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अंटार्क्टिक समुद्रातले यांतले काही पक्षी एका विशिष्ट वायूच्या मागावर जातात. त्याचं नाव डायमिथाइल सल्फाइड. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती सूक्ष्म प्राणी चरू लागले, की वनस्पतींच्या पेशी फुटतात आणि त्यातून हा वायू सुटतो. आपल्यालाही तो ओळखीचा आहे. बंदरावर उतरल्यावर ‘समुद्राचा वास’ म्हणून जो येतो, त्यात याचा वाटा मोठा. आपल्याला तो एकच, सरसकट येतो. पेट्रेलला मात्र त्यात कमी-जास्त कळतं. इथे फिका, तिकडे दाट, म्हणजे तिकडे चरणं चालू आहे, म्हणजे तिकडे मासे. आम्हाला तीन तास जो समुद्र सगळीकडे सारखा आणि रिकामा दिसत होता, त्यावर या पाखरांसाठी पाऊलवाटा होत्या, वाड्या होत्या, बाजार होते. रिकामं होतं ते आमचं नाक.

ती वाऱ्याविरुद्ध झोके घेत का आली, हेही यातून उलगडतं. वास वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि तुटक-तुटक पसरतो. सरळ उडालं तर तो हातचा जातो. म्हणून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे शिवत, वासाचा धागा सुटला की पुन्हा पकडत यायचं. जत्रेत तळणीच्या वासावरून दुकान शोधणारं पोर असंच मान फिरवत जातं.

“अकरा वाजता!” कुणीतरी ओरडलं. होडीत दिशा सांगायची ही पद्धत. नाळ बारावर धरायची. अकराच्या दिशेला दोन मोठे, गडद तपकिरी पक्षी लाटांमागे बुडत, वर येत जात होते. शिअरवॉटर. एक जवळून गेला तेव्हा त्याची फिकट गुलाबी, टोकाला काळी चोच आणि गुलाबी पाय दिसले. या जातीची घरं नैर्ऋत्य ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हिंदी महासागराच्या दक्षिणेतल्या सेंट पॉल बेटावर. अरबी समुद्रात ते आपल्या पावसाळ्यात येतात. पंख ताठ, एक टोक पाण्याला इतकं लगटून की आता चिरा पडेल. बराच वेळ एकही फडफड नाही.

हा आयत्या वाऱ्यावर जगण्याचा प्रकार आहे. पाण्याला लागून वारा मंद असतो, कारण लाटा त्याला अडवतात. दहा-वीस हात वर तोच जोरात वाहतो. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो, तेव्हा दर हाताला अधिक जोराचा वारा अंगावर येतो आणि हवेच्या मानाने त्याचा वेग टिकून राहतो. वर पोचला की वळतो आणि वारा पाठीवर घेऊन खाली झेपावतो. लाटेच्या आडोशाच्या मंद हवेत पोचेपर्यंत त्याच्यापाशी वेग साठलेला असतो. त्या वेगावर पुन्हा वर. लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की पंख न हलवता पक्षी उडत राहिला तर वारा तरी वर चढणारा हवा, नाहीतर वेगवेगळ्या थरांत वेगवेगळ्या जोराचा हवा. समुद्रावर हा दुसरा प्रकार फुकट आणि मैलोन् मैल मिळतो. शिअरवॉटर वाऱ्याच्या दोन थरांमधल्या फरकावर जगतो.

आणि पितो काय? समुद्राचंच पाणी. डोळ्यांच्या वर कवटीत त्याला मिठाच्या ग्रंथी असतात. रक्तातलं जास्तीचं मीठ त्या वेगळं काढतात आणि समुद्राहूनही खारट असा द्रव नाकावाटे थेंब-थेंब बाहेर टाकतात. क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे शोधून काढलं. त्यांनी एका कुरवाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं समुद्राचं पाणी पाजलं; तीनेक तासांत जवळजवळ सगळं मीठ बाहेर. माणसाला त्या हिशेबाने पाच-सहा लिटर खारं पाणी प्यावं लागेल, आणि तो वाचणार नाही.

दहाच्या पुढे दिवस अचानक भरून आला. दूरवर सुरयांचा एक थवा पाण्यावर कोसळत होता. “गेदर आसा थंय,” काका म्हणाले आणि इंजिन सुरू केलं. पाखरं कुठे बसतात-उठतात यावरून कोळी मासळी ओळखतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पाखरं माशांवर अवलंबून असतात, तेही वेगळ्याच अर्थाने, हे मला फार उशिरा कळलं. सुरयाला खोल बुडी मारता येत नाही. बारकी मासळी वर येईल तेव्हाच त्याला मिळते, आणि तिला वर रेटतात ते खालून शिकार करणारे गेदर. मोठे मासे संपले, तर वरच्या पाखरांचं ताट काढून घेतल्यासारखं होईल, मग बारकी मासळी खाली कितीही असो.

थव्यात मध्येच पळापळ झाली. एक जाड छातीचा, गडद पक्षी एका सुरयाच्या मागे लागला, वळला तसा वळला, आणि सुरयाने गिळलेला मासा ओकून टाकेपर्यंत त्याला सोडलं नाही. मासा पाण्यात पडायच्या आत गायब. पोमरीन स्कुआ. हा उत्तर ध्रुवाकडचा. तिथल्या टुंड्रात तो लेमिंग नावाच्या उंदरांवर पिल्लं वाढवतो, आणि हिवाळ्यात समुद्रावर येऊन असं लुटून खातो.

सकाळचे पेट्रेल अजून मागे पाण्यावर चालत होते. दक्षिण ध्रुवाकडचे आणि उत्तर ध्रुवाकडचे, दोघंही कोकणच्या एकाच पाण्यावर. मी दुर्बीण एकावरून दुसऱ्यावर नेत राहिले. पृथ्वीची दोन्ही टोकं माझ्या मान वळवण्याच्या अंतरात होती.

उत्तरेचा आणखी एक पाहुणा लगेच पुढे भेटला. प्रवाहाच्या रेषेवर, जिथे फेस आणि कचरा जमतो, तिथे तीसेक फॅलरोप बसले होते. चिमण्यांपेक्षा थोडे मोठे, खेळण्यातल्या बदकांसारखे तरंगणारे, आणि प्रत्येक जण स्वतःभोवती गरागरा फिरणारा. या फिरण्याने खालचं पाणी वर खेचलं जातं आणि त्याबरोबर सूक्ष्म प्राणी. त्यांच्यासकट टिपलेला पाण्याचा थेंब मात्र चोचीच्या टोकावर असतो, आणि चोच खाली झुकलेली. थेंब वर तोंडात जातो कसा? फॅलरोप चोच चिमट्यासारखी उघड-मीट करतो, आणि प्रत्येक वेळी थेंब पृष्ठताणामुळे थोडा वर सरकतो. मनू प्रकाश, डेव्हिड केरे आणि जॉन बुश यांनी २००८ मध्ये हे गणितासह मांडलं. चोचीला तेलाचा किंवा साबणाचा थर लागला की हे सगळं बिघडतं, कारण मग थेंब तसा धरला जात नाही. पाण्यावरच्या एका पातळ तवंगाने हा पक्षी भरल्या ताटावर उपाशी राहू शकतो.

त्याच कचऱ्याच्या रेषेत थर्माकोलचा एक मोठा तुकडा तरंगत होता, आणि त्यावर एक ब्रायडल्ड सुरय उभा. काळी टोपी, कपाळापासून डोळ्यामागे गेलेली पांढरी रेघ, पाठ राखी-तपकिरी. या जातीला तरंगत्या वस्तूंवर बसायची सवय असते; लाकूड, नारळ, कासवाची पाठसुद्धा. पूर्वी ओंडका असेल तिथे आता थर्माकोल. मला त्या चित्राचा राग आला आणि पक्ष्याला बसायला जागा मिळाली म्हणून बरंही वाटलं. पेट्रेलचं दुःख याहून खोल आहे. समुद्रात काही आठवडे राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढतं आणि त्याला तोच डायमिथाइल सल्फाइडचा वास येऊ लागतो, हे २०१६ मध्ये दिसून आलं. या वासावर अन्न शोधणाऱ्या जाती प्लास्टिक जास्त गिळतात. लाखो वर्षं खरी ठरलेली खूण आपण खोटी पाडली आहे.

परतताना होडी वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूने घेतली. समुद्रात उभे खडकाळ बेटांचे हे पुंजके, त्यांतल्या एकावर दीपगृह. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक आणि भारतातल्या पक्ष्यांचा मोठा अभ्यासक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८७५ मध्ये या किनाऱ्याने लक्षद्वीपपर्यंत गेला होता. पुढे १९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली यांनी इथल्या सुरयांवर आणि गुहेतल्या पाकोळ्यांवर लिहिलं. त्या पाकोळ्या लाळेने घरटी बांधतात आणि अंधारात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर उडतात. घरट्यांची चोरी इथे झालेली आहे, कारण परदेशात त्यांचं सूप होतं. आम्ही उतरलो नाही. वीण संपत आली असली तरी माणसाच्या पायाने बेट उठतं, आणि उठलेल्या पाखरांची अंडी-पिल्लं उन्हात उघडी पडतात.

समुद्रात या पाखरांना बाकी सगळं जमतं: खाणं, पिणं, झोपणं, वादळ काढणं. सूटी सुरयाची गोष्ट तर अशी, की घरट्यातून उडालेलं पिल्लू पुढची काही वर्षं जमिनीला पाय लावत नाही. पिसं पाण्यात भिजतात म्हणून पाण्यावरही फार टेकत नाही. जमत नाही ती एकच गोष्ट, अंडं. ते पाण्यावर ठेवता येत नाही. तेवढ्यासाठी, आणि केवळ तेवढ्यासाठी, त्यांना आपल्या मुलखात यावं लागतं. मग तो अंटार्क्टिकातला खडक असो, लक्षद्वीपमधलं पिट्टीचं उघडं-बोडकं बेट असो किंवा निवतीसमोरचे हे चार दगड. एक सुरयाचं पिल्लू बेटाजवळ पाण्यावरून आईमागे ओरडत उडत होतं. आम्ही निघेपर्यंत ते ओरडतच होतं.

“पण परत घर गावता कसा?” काकांनी विचारलं. प्रश्न सकाळचाच होता, दिवसभर त्यांच्या मनात राहिलेला. मी त्यांना अझोर बेटांवरच्या शिअरवॉटरची गोष्ट सांगितली. शास्त्रज्ञांनी काही पक्षी बेटापासून ८०० किलोमीटर लांब खुल्या समुद्रात नेऊन सोडले. काहींच्या डोक्यावर चुंबक लावले होते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा कळू नये. ते नीट घरी आले. काहींचा वास तात्पुरता बंद केला होता. ते भरकटले.

काका हसले नाहीत, चकितही झाले नाहीत. लहानपणी वडिलांबरोबर शिडाच्या होडीने रात्रीचं परतताना काय व्हायचं, ते सांगू लागले. दिवा नसे, डोंगराची खूण दिसत नसे. पहाटे मतलई सुटेपर्यंत वडील नाळेवर गप्प बसून राहत. मग वारा जमिनीवरून येऊ लागे. ओली माती, चुलीचा धूर, कुजलेल्या पाल्याचा वास.

“नाकान घर गावता गो,” ते म्हणाले, आणि इंजिनाचा दट्ट्या पुढे सारला.